वरचे दोन थेंब

गोंदियाचे डॉक्टरसाहेब वारले. परवा माझा दीर सेवकराम बाजारातून आला अन् पाय धुता धुता बोलून गेला, "वैनी, दादाचे ते म्हातारे डॉक्टर होते ना, ते गेले म्हणे." एवढं बोलून तो जेवाले बसला. मी सूप हातात धरून तशीच राहिली. एक गोष्ट तिघांच्या पोटात होती. त्यातला एक नऊ वर्षांआधी गेला, दुसरा आता गेला. उरली मी एकटी. माझ्या पोटात एवढी जागा नाही बाप्पा, म्हणून सांगून राहिली. ऐकायचं तर ऐका, पण मधात अरेरे करू नका. मले अरेरे आवडत नाही.

मी सुखवंता. माझ्या माणसाचं नाव डोमनलाल. तो होता तोवर कधी तोंडातून काढलं नाही, आता काढलं तर कोण रागावते! तरी जीभ अडतेच. मी त्याले कुंताचा बापच म्हणीन. कुंता आमची एकच पोरगी, तिकडं सालेकशाकडं दिली आहे. आमचं गाव आमगावापासून दोन कोस. आमचे वाडवडील माळव्यातून आले म्हणतात. कधी आले ते पाहाले मी नव्हती. धान पिकवतो अन् धान खातो, एवढं मले ठाऊक.

आता मोजणीचं सांगतो, नाही तर पुढचं तुमाले कळणार नाही. आमच्याकडं खळ्यावर धान मोजाले बसलं की पहिल्या पायलीले कोणी एक म्हणत नाही, लाभ म्हणतात. दुसऱ्या घरी लाभ म्हणजेच एक, त्याच्यापुढं दोन, तीन. पण माझ्या सासरची रीत निराळी. इथं लाभ देवाचा, तो गिनतीत धरायचाच नाही. लाभ टाकला की मंग एक. अन् सगळं मोजून झालं की शेवटी एक वरची, बरकतीची. सासूनं पायली माझ्या हातात दिली तेव्हा मी सोळा वर्षांची होती. "मोजताना हात आखडू नको," म्हणे, "घेणाऱ्यानं मागं वळून पाहिलं नाही पाहिजे." तेव्हापासून खळ्यावर मीच. मजूरबाया म्हणत, आमाले सुखवंताच्याच हातचं द्या. लय गर्व होता मले त्या हाताचा.

त्या वर्षी पोळ्याच्या आधीपासून कुंताच्या बापाचे पाय सुजाले लागले. बोट दाबलं की खड्डा पडे अन् तसाच राहे. बांधावर चढला की दम लागे, दोनदा थांबे. मी म्हटलं, "बसून बसून अंग जड झालं तुमचं, दुसरं काही नाही." असं बोलली मी. मंग त्याले आडवं झोपताच येईना. धानाच्या पोत्याले टेकून बसल्या बसल्या डोळे मिटायचा. छातीत घरघर चाले, मांजर बसल्यासारखी. वैदाचे काढे झाले, देवाचा अंगारा झाला. शेवटी सेवकरामनं त्याले गाडीत घातलं, आमगावहून आमी आगगाडीनं गोंदियाले गेलो.

डॉक्टर भला माणूस. आधं हिंदी, आधं मराठी बोले. छातीले नळी लावून लय वेळ ऐकलं. मंग मले म्हणे, "बाई, दिल थकलं आहे याचं. जोर नाही, म्हणून पानी अंगात साचते. बरं नाही होणार, पण दवा रोज घेतली तर चालत राहील." बरं नाही होणार, हे त्याच्या तोंडावर सांगितलं. कुंताच्या बापानं मान हालवली, जसं कोणी पाऊस लांबला म्हणून सांगावं.

औषध म्हणजे एक भुरी बाटली, अन् सोबत काचेची नळी, तिले वर रबराची टोपी. कोण्या विलायती झाडाच्या पानाचा अर्क होता, हिरवट, कडू वासाचा. "सकाळ, दुपार, संध्याकाळ, पाच पाच बूंद पान्यात," डॉक्टर म्हणे. "चार नको, सहा नको. ही दवा आहे अन् जहर पण आहे. मीठ बंद. अन् महिन्याच्या महिन्यात याले घेऊन मले दाखवायचं." पाच बोटं त्यानं माझ्या डोळ्यासमोर धरली.

मी काय म्हटलं ठाऊक आहे? "साहेब, मोजणं मले शिकवू नका."

तो हसला. कुंताचा बापही हसला. "डॉक्टरसाहेब, ते हिले नका सांगू. खंड्यांनी धान मोजते ती."

घरी आल्यावर मी फळीवर बाटलीची जागा केली, उंच, माझाच हात पुरेल अशी. पितळेची एक वाटी निराळी काढली. तीन वेळा हात धुवून बसायची, नळी दाबायची अन् मोठ्यानं म्हणायची. लाभ. एक, दोन, तीन, चार, पाच. अन् मंग एक वरचा. माझ्या तोंडातून लाभ निघाल्याशिवाय हात मोजाले लागतच नाही. अन् वरचा न टाकता उठणं, ते तर परक्या माणसासाठी केलं नाही कधी, घरच्या माणसासाठी करीन? एक दिवस मनात आलं नाही की हे धान नाही. अन् तो समोर बसून ऐकायचा. त्याच्या कानालेही ते बरोबरच वाटे. त्याच्याच मायनं मले शिकवलं होतं.

आता तुमी बोटं मोजा. मी नाही मोजली.

अन् गुण आला ना बाप्पा! तेच तर मेलं नशीब. आठ दिवसांत पायाची सूज उतरली. लघवी मोकळी झाली. पंधराव्या दिवशी तो पहिल्यांदा आडवा झोपला, मी रात्रीतून चारदा उठून नाकाशी हात धरून पाहिला. दिवाळी झाली. भाऊबिजेनंतर गावची मंडई, म्हणजे आमची जत्रा, भरली तर हा माणूस पायी गेला, दंडारीचा नाच पाहात बसला, अन् येताना माझ्यासाठी बांगड्या घेऊन आला. मी म्हटलं, "म्हातारपणी कायले?" म्हणे, "मोजणारीच्या हाताले." सांगा, असा माणूस होता.

फक्त मिठावरून आमचं रोज वाजे. अळणी पेज समोर ठेवली की तोंड असं करायचा. "कुंताची माय, हे काय माणसाचं खाणं आहे?" मी म्हणायची, "गुमान खा. मले रांडमुंड नाही व्हायचं." मंग खायचा. माझं बोलणं त्याले आवडे. मी बोलली नाही तर म्हणे, आज घर सुनं लागते.

महिन्याची बाटली वीस-एकवीस दिवसांतच संपली. दुसरी आणाले सेवकराम गेला तर तिथला कंपाउंडर म्हणे, "अभी खतम?" सेवकरामनं मले येऊन विचारलं, "वैनी, सांडते का?" मले राग आला. म्हटलं, "नळीले लागून राहते, वाटीले लागते, मी काय पिऊन राहिली का?" तिसऱ्या वेळीही तसंच झालं. अन् डॉक्टरले दाखवायचं म्हटलं होतं, ते राहूनच गेलं. धानाची कापणी आली होती, खळं लागलं होतं, माणूस चालून-फिरून होता. मी म्हटलं, खळं उरकलं की जाऊ. मीच म्हटलं, दुसरं कोणी नाही.

मंग जेवण सुटलं त्याचं. आधी मले वाटलं अळणी खाऊन खाऊन कंटाळला. मी लय बोलली त्याले. मंग ओकाऱ्या सुरू झाल्या. पाणी दिलं तरी ओके. एक दिवस खळ्यावर खाटेवर बसला होता, म्हणे, "औंदाचं धान लयच पिवळं दिसून राहिलं, कुंताची माय." मी म्हटलं, "धान पिवळं नाही तर काय हिरवं राहील?" दुसऱ्या दिवशी म्हणे, "दूध पिवळं काऊन आहे? हळद टाकली का?" मी वाटी पाहिली. पांढरं सफेद दूध. म्हटलं, "डोळे धुवा तुमचे." तो कण्हत कण्हत हसला. अन् मी उठली, हात धुतले, बाटली काढली अन् दुपारची दवा दिली. जेवढा तो खचे, तेवढी मी नेमानं देऊ लागली. ओकून पडली तर पुन्हा द्यायची, तशीच, लाभापासून.

चार दिवसांनी त्याले बसूनही राहता येईना. मांडी धरून उचलावं लागे. सेवकराम गोंदियाले गेला अन् डॉक्टरलेच घेऊन आला. आमगावपासून बैलगाडीत आला बिचारा, कोट सगळा धुळीनं भरलेला. आल्या आल्या नाडी धरली, खिशातलं घड्याळ काढलं. लय वेळ धरून बसला. मी त्याचं तोंड पाहून राहिली.

"दवा किती देते बाई?"

"पाच, साहेब. तीन वेळा. एक दिवस खाडा नाही, देवाची आण."

"कशी देते, करून दाखव."

मी हात धुतले. खरं सांगतो, मले तेव्हाही गर्वच वाटला. सेवकराम होता, शेजारची रुख्मा दारात उभी होती, सगळ्यांच्या समोर मी वाटी घेऊन बसली अन् मोठ्यानं मोजलं. लाभ. एक, दोन, तीन, चार, पाच. अन् वरचा. वाटी डॉक्टरसमोर धरली.

त्यानं वाटी घेतली नाही. तो बोटं दुमडून मोजून राहिला होता, अन् त्याचे हात तसेच गुडघ्यावर राहिले होते. एका हाताची मूठ मिटलेली, पाचही बोटं आत. दुसऱ्या हाताची दोन बोटं दुमडलेली.

मी ती दोन बोटं पाहिली. पाहातच राहिली. ओकाऱ्या, पिवळं दूध, लवकर संपलेल्या बाटल्या, सगळं एका झटक्यात त्या दोन बोटांजवळ येऊन उभं राहिलं. माय वो! तीन वेळा दिवसाचे, दोन दोन वरचे, अडीच महिने. अन् त्यानं आधीच सांगितलं होतं, जहर आहे म्हणून.

डॉक्टरनं तोंड उघडलं. "बाई, हे तुमी..."

तेवढ्यात खाटेवरून आवाज आला. "साहेब." कुंताचा बाप डॉक्टरच्या हाताकडंच पाहून राहिला होता. त्यानंही मोजलं होतं. "साहेब, तिचं माप सोळा आणे बरोबर आहे. मीच चोरून पीत होतो. दम लागला की बाटली तोंडाले लावायचो. हिले ठाऊक नाही."

बाटली फळीवर होती, माझ्या डोक्याच्या वर हातभर. अन् या माणसाले चार दिवसांपासून खाटेवरून पाय खाली ठेवता येत नव्हता. डॉक्टरनं फळीकडं पाहिलं, मंग त्याच्याकडं पाहिलं. कुंताच्या बापानं दोन्ही हात जोडले, छातीवरच, उचलता येत नव्हते म्हणून.

"असं नाही करायचं होतं भाऊ," डॉक्टर म्हणाला. अन् मले म्हणे, "तुमची काही चूक नाही बाई." पण माझ्याकडं पाहिलं नाही त्यानं.

मी काय कराले पाहिजे होतं, ते मलेही कळते. तिथंच म्हणाले पाहिजे होतं, की खोटं बोलून राहिला तो, मी केलं. नाही म्हटलं. माझ्या तोंडातून निघालं ते दुसरंच. "अवो, लाज नाही वाटली तुमाले? मी इकडं थेंब थेंब मोजून राहिली अन् तुमी बाटली तोंडाले लावता? चोर कुठले! माझ्या जिवावर उठले तुमी!" सारं घर ऐके असं ओरडली मी. अन् ओरडता ओरडता पाहिलं, तर त्याचा चेहरा निवला होता. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कपाळाच्या आठ्या गेल्या. त्याले वाटलं, मले खरं वाटलं.

डॉक्टर गाडीत बसाले निघाला तेव्हा मी मागून गेली. तो म्हणे, "दवा बंद. अंगात साचलेलं हळूहळू उतरते, आठ-दहा दिवस लागतात. तेवढे दिवस दिल टिकलं तर वाचला." मी गाडीचं चाक धरलं. म्हटलं, "साहेब, एक वरचा असता तर चाललं असतं?" त्यानं बैलांकडं तोंड फिरवलं. म्हणे, "घरात जा बाई. त्याच्याजवळ बस." म्हणजे त्याले कळलं की मले कळलं.

आठ-दहा दिवस. मी दिवस धरून बसली. पहिला गेला, दुसरा गेला. पेज चमच्यानं भरवायची, पाणी ओठाले लावायची, अन् भांडायची. तोंड बंदच केलं नाही. "काय कमी होतं तुमाले? चोरून प्यायची काय गरज होती?" तो म्हणायचा, "चुकलं वो, चुकलं." अन् डोळे मिटून पडायचा, गोड लागल्यासारखा. मी गप झाली की त्याचे डोळे उघडत, मले शोधत, भ्यायल्यासारखे. मंग मी पुन्हा सुरू करायची. रुख्मा एकदा मागच्या दारातून येऊन म्हणाली, "अवो, मरणाच्या दारात आहे तो माणूस, आता तरी तोंड आवर." मी तिलेही दोन ठेवून दिल्या. बोलण्याच्या.

तिसऱ्या दिवशी कुंता आली. बापाच्या पायावर पडून रडली. तर हा तिलेही म्हणे, "पोरी, माझीच चूक झाली. तुझ्या मायनं लय जपलं." कुंता रडता रडता त्याच्यावर चिडली. "बाबू, तुमी असं कायले केलं? जीव एवढा स्वस्त झाला होता काय? मायचा तरी विचार कराले पाहिजे होता." पोरगी मरत्या बापाले बोलून राहिली होती अन् मी चुलीपाशी बसून ऐकून राहिली होती. हातात लाकूड होतं, ते सारता येईना. तरी बोलली नाही मी. त्याच्यासाठी गप राहिली की माझ्यासाठी, हे मी स्वतःले नऊ वर्षं विचारून राहिली. धड उत्तर येत नाही. दोन्ही असंल.

पाचव्या दिवशी सकाळी त्याचे हातपाय गार होते. नाडी हाताले लागे, मंग लागत नसे, मंग एकदम लागे. कुंता विहिरीवर गेली होती. आमी दोघंच होतो. ऊन आत आलं होतं, खाटेच्या पायापर्यंत. मले वाटलं, आता नाही सांगितलं तर कधी सांगू? एवढं पाप घेऊन मी कुठं जाऊ? मी त्याच्या तोंडाजवळ वाकली. म्हटलं, "अवो, ऐका. ते थेंब..."

त्याचे डोळे मोठे झाले. मरणाले भेला नव्हता तो, डॉक्टरनं तोंडावर सांगितलं तेव्हाही भेला नव्हता. तेव्हा भेला. माझं मनगट धरलं त्यानं, एवढी ताकद कुठून आली देव जाणे. "कुंताची माय," म्हणे, "गप काऊन झाली? भांड ना."

"नाही भांडत मी. मले बोलू द्या."

"भांड," म्हणे. "तुझी आण आहे तुले. भांड माझ्याशी."

त्याले ठाऊक होतं का, की मले ठाऊक आहे? नऊ वर्षं झाली, मले अजून सांगता येत नाही.

मी भांडली. उठून उभी राहिली अन् भांडली. चोर म्हटलं, लबाड म्हटलं, लग्नापासूनचं सगळं काढलं. पहिल्या वर्षी मले माहेरी पाठवलं नाही ते काढलं, कुंताच्या वेळी दाई उशिरा आणली ते काढलं, दंडार पाहाले रात्र रात्र बाहेर राहिला ते काढलं. "माझा संसार बुडवला तुमी! तुमच्या हातानं बुडवला! माझा काही दोष नाही, ऐकलं का, माझा काही दोष नाही!" गल्लीतून माणसं जमली असतील. मी कोणाले पाहिलं नाही. रडू फुटून राहिलं होतं अन् मी शिव्यांनी ते दाबून राहिली होती.

रुख्मानं मागून येऊन माझा दंड धरला. "सुखवंता, कोणाले बोलून राहिली बाई? गेला तो."

कुंता पाण्याची गुंडी घेऊन दारात उभी होती, माझ्याकडं पाहून राहिली होती. नऊ वर्षांत ती माझ्याशी नीट बोलली नाही. तेव्हा मी तिच्यासमोर खाटेकडं वळली अन् पुन्हा भांडाले लागली, कारण थांबली असती तर खरं निघालं असतं तोंडातून, अन् त्यानं मले आण घातली होती.